४.२ किलोमीटर रुंदीचा टोर्नॅडो, आणि श्रेणी फक्त तीन?

नॉर्मनची_नवी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. यंदा आम्ही ओक्लाहोमात, नॉर्मनला राहायला आलो. शेजारणीने ओळख झाल्याझाल्या शाळा कुठली, किराणा कुठून आणता वगैरे विचारण्याआधी विचारलं, "गॅरेजमध्ये शेल्टर आहे ना?" तेव्हापासून मी टोर्नॅडोबद्दल वाचत सुटले आहे आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय.

आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत एल रेनो नावाचं गाव आहे. तिथे ३१ मे २०१३ ला झालेला टोर्नॅडो ४.२ किलोमीटर रुंद होता. आजवर मोजलेल्यांत सगळ्यात रुंद. गाडीवर बसवलेल्या रडारने त्यात ताशी ४८० किलोमीटरच्या वर वारा टिपला. आणि अधिकृत श्रेणी? ईएफ-३! (ईएफ म्हणजे टोर्नॅडोच्या ताकदीची श्रेणी, ० ते ५.) त्याच्या ११ दिवस आधी मूर गावात झालेला टोर्नॅडो रुंदीला दोन किलोमीटरही नव्हता, त्याला मात्र ईएफ-५.

तर प्रश्न असे. एवढा धिप्पाड असून श्रेणी कमी कशी? कुठला दोन मिनिटांत विरतो आणि कुठला तीन तास चालतो, हे कशावर ठरतं? आणि मुळात तो होतो कसा? "गरम हवा वर जाते, थंड हवा खाली येते" याच्या पुढचं सांगा. तेवढं मला येतं.

खडीसाखर
जाणकारांच्या प्रतीक्षेत. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

ढगोबा
चांगला धागा. होतो कसा ते आधी घेऊ, म्हणजे बाकीचं सोपं जाईल.

गरम दमट हवा वर गेली की वळीव होतो. तो नाशिकलाही होतो आणि सोलापुरातही. टोर्नॅडोला त्याखेरीज हवा असतो उंचीनुसार बदलणारा वारा. ओक्लाहोमात वसंत ऋतूत काय होतं बघा: जमिनीलगत आग्नेयेकडून वारा, मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा आणणारा. त्यावर नैर्ऋत्येच्या पठारावरून आलेली उष्ण, कोरडी हवा. आणि आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जेट प्रवाह सुसाट. खालचा वारा हळू, वरचा जोरात, दिशाही वेगळी. पोळपाटावरचं लाटणं हाताखाली जसं आडवं गरगरतं तशी मधली हवा आडवी फिरू लागते.

मधला तो उष्ण कोरडा थर दुपारपर्यंत खालच्या हवेला वर जाऊ देत नाही. खाली ऊन तापवत राहतं, ऊर्जा साठत राहते. संध्याकाळच्या सुमारास कुठेतरी तो थर फुटतो आणि ढग तासाभरात पंधरा किलोमीटर उंची गाठतो. हा जोरकस चढता प्रवाह आडव्या फिरणाऱ्या हवेला उचलून उभं करतो. आता अख्खा ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. त्याला म्हणतात सुपरसेल, आणि आतल्या फिरत्या भागाला मेसोसायक्लोन. तो तीन ते दहा किलोमीटर रुंद असू शकतो.

इथवर अजून टोर्नॅडो झालेला नाही! बहुतेक सुपरसेल गारा टाकतात, पाऊस पाडतात आणि टोर्नॅडो न देताच संपतात. वर फिरणारी हवा आहे, पण जमिनीवर फिरणारी हवा नाही. ती येते ढगाच्या मागच्या बाजूने खाली उतरणाऱ्या प्रवाहातून. पाऊस-गारांमुळे गार झालेली हवा खाली येते, पुढे वळते, आणि जमिनीलगत भोवरे तयार होतात. वरचा चढता प्रवाह त्या भोवऱ्याला ताणून बारीक करतो. घेर लहान झाला की फिरण्याचा वेग वाढतो, हा अकरावीच्या भौतिकशास्त्रातला कोनीय संवेगाचा नियम. खाली उतरणारी हवा फार गार असेल तर ती जड होऊन पसरते आणि वर ओढली जात नाही. थोडी कोमट असेल तर जमतं. दोन शेजारी ढग, रडारवर सारखेच दिसणारे, एक टोर्नॅडो देतो आणि दुसरा नाही. याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडेच नाही.

शंकासुर
ढगोबा, मग व्हिडिओत ढगातून सोंड हळूहळू खाली येताना दिसते ते काय?

ढगोबा
ती दिसणारी गोष्ट म्हणजे पाण्याचे थेंब. भोवऱ्याच्या आत दाब कमी असतो, हवा पसरते, गार होते आणि बाष्प ढग होऊन दिसतं. ढग होण्याइतका दाब आधी वरच्या भागात कमी होतो म्हणून सोंड वरून खाली येताना दिसते. फिरणारा वारा त्याआधीच जमिनीवर असू शकतो. धूळ उडेपर्यंत कळतही नाही. जलद रडारच्या नोंदी तपासून २०१८ साली अभ्यासकांनी दाखवलं की काही टोर्नॅडोंत, त्यात एल रेनोचाही होता, जोरकस फिरणं आधी जमिनीजवळ आढळलं. म्हणजे "ढगातून खाली उतरतो" हे सगळ्यांना लागू नाही. इशारे देणाऱ्यांसाठी ही मोठी डोकेदुखी, कारण नेहमीच्या रडारचा किरण दूरवर गेला की जमिनीपासून बराच वर असतो. तळाशी काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

मावशी_टेक्सासवाली
शास्त्र चालू द्या, मी व्यवहाराचं सांगते. आम्ही डॅलसकडे वीसेक वर्षं आहोत. नव्या लोकांनी आधी टोर्नॅडोच्या इशाऱ्याच्या भोंग्यांचं वेळापत्रक पाठ करावं. डॅलसला महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी १२ वाजता चाचणीचा भोंगा वाजतो. आमच्या सासूबाई पहिल्यांदा आल्या होत्या, त्यांनी कुकर बंद केला, देव ताम्हनात घेतले आणि थेट बाथरूममध्ये जाऊन बसल्या. बाहेर काढायला अर्धा तास लागला. तुमच्या ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी १२ ला चाचणी असते. पण आकाश भरून आलेलं असेल तर चाचणी करत नाहीत, तेव्हा ढग असताना भोंगा वाजला तर "आज शनिवार" म्हणून बसू नका.

आणखी एक. 'वॉच' म्हणजे वातावरण तसं आहे, लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे रडारवर किंवा डोळ्यांना दिसलंय, आत्ता आडोसा घ्या. आमच्याकडचे पुरुष वॉर्निंग आली की मोबाइल घेऊन अंगणात जातात. त्यांच्यासाठी वेगळा शब्द काढायला हवा.

गच्चीवरून
"आमच्याकडचे पुरुष" +१. मी त्यातलाच.

विदर्भी_ऊन
आमच्या वावरात चैत्र-वैशाखात रोजच वावटळी उठतात. लहानपणी वावटळ आली की आजी म्हणायची, मध्ये जाऊ नको बाप्पा, भूत राह्यते. कडबा, प्लास्टिक, एकदा तर शेजारच्याचं वाळत घातलेलं धोतर वर गेलं. हा टोर्नॅडोचा धाकटा भाऊ का?

ढगोबा
दिसायला भाऊ, पण नातं नाही. वावटळ निरभ्र आकाशात, तापलेल्या जमिनीतून वर उठते. वर ढग लागत नाही. म्हणून ती काही मिनिटांत दमते. टोर्नॅडो वरच्या गडगडाटी ढगाला जोडलेला असतो आणि त्याची सगळी रसद तिथून येते.

खडीसाखर
पुण्याचं नाव कसं नाही आलं अजून? २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडे मुळा-मुठेकाठी डासांचा टोर्नॅडो झाला होता. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. श्रेणी किती द्यायची?

शंकासुर
पुणेकरांचा असल्याने ईएफ-५ च. त्याखाली ते घेणार नाहीत.

गच्चीवरून
आता मूळ मुद्द्यावर माझा आक्षेप. रडारने ४८० चा वेग मोजलाय ना? मग श्रेणी तीन देणं हा शुद्ध सरकारी कारभार झाला. ताप १०४ आहे हे थर्मामीटर सांगतंय आणि डॉक्टर म्हणतात पेशंटने काही मोडलं-तोडलं नाही, सबब ताप नाही. ईएफ-३ म्हणजे ताशी २१८ ते २६६ किलोमीटर. खऱ्या वेगाच्या जवळजवळ निम्मं. अशा आकड्याला काय अर्थ?

तांबडी_माती
अर्थ आहे. आधी ही श्रेणी आली कुठून ते बघा. शिकागो विद्यापीठातले तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये ती मांडली. टोर्नॅडोच्या आत वेगमापक ठेवून कोणी उभं राहू शकत नाही, म्हणून त्यांनी उलटा रस्ता धरला. पडलेलं घर बघायचं आणि ते पाडायला किती वारा लागला असेल ते काढायचं. माणूस जपानी, क्यूशू बेटावर कोकुराजवळ राहणारा. ९ ऑगस्ट १९४५ ला कोकुरावर ढग-धूर होता म्हणून बॉम्ब नागासाकीवर पडला. नंतर हिरोशिमा-नागासाकीच्या पाहणीत फुजितांनी बॉम्ब किती उंचीवर फुटला ते पडझडीच्या दिशांवरून काढलं. पडझड वाचायची त्यांची नजर तिथे घडली. पुढे जंगलात चांदणीसारखी पसरून पडलेली झाडं बघून विमानांना पाडणारे, खाली झेपावणारे हवेचे झोत त्यांनी ओळखले, तेही याच नजरेने.

२००७ पासून अमेरिकेत सुधारित श्रेणी आहे, तीच ईएफ. त्यात घर, शाळा, मोबाइल होम, झाड असे २८ प्रकार ठरवले आहेत आणि प्रत्येकाची किती मोडतोड म्हणजे किती वारा याचा तक्ता आहे. एल रेनोचा टोर्नॅडो बहुतांश गव्हाच्या शेतांवरून, मोकळ्या रानातून गेला. मोडायला होतं काय? जूनच्या सुरुवातीला रडारच्या आकड्यावरून ईएफ-५ जाहीर केली होती, ऑगस्टमध्ये ती उतरवून ३ केली. आता गच्चीवरून यांचा राग समजतो, पण वर्षाला हजार-बाराशे टोर्नॅडो होतात आणि फिरतं रडार त्यातल्या मूठभरांजवळ पोचतं. त्या मूठभरांना एक माप आणि बाकीच्यांना दुसरं लावलं तर पन्नास वर्षांच्या नोंदींची तुलना कशी करायची?

गच्चीवरून
तुलना करण्यासाठी चुकीचा आकडा सगळ्यांना सारखा द्यायचा, असंच ना? पटलं नाही. पण फुजितांचा भाग आवडला. दोन रकाने ठेवा की हो. एक मोडतोडीचा, एक मोजलेल्या वाऱ्याचा.

पाऊसवेडी
रुंदी आणि ताकद यांची गल्लत होतेय इथे. एल रेनोच्या ४.२ किलोमीटरमध्ये सगळीकडे ४८० चा वारा नव्हता. मोठ्या भोवऱ्यात छोटे छोटे भोवरे फिरत होते, आणि तो जबरदस्त वारा त्या छोट्यांमध्ये होता. तेही काही सेकंदांचे. एक घर भुईसपाट आणि शेजारच्याच्या कुंड्याही जागेवर, असे फोटो येतात ते याच कारणाने.

उलट काही दोरीसारखे बारीक टोर्नॅडो भयानक ताकदीचे असतात. बहुतेकांची रुंदी काही दहा ते शे-दोनशे मीटर, वाटचाल काही किलोमीटर, आयुष्य दहा मिनिटांच्या आत. बहुसंख्य ईएफ-० आणि १ मध्ये येतात. ४ आणि ५ चे शंभरात एखाद-दुसरे, पण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश त्यांच्यामुळे.

टिकण्याचं गणित असं. टोर्नॅडोला पुढून गरम दमट हवा मिळत राहिली पाहिजे. मागून उतरणारी गार हवा हळूहळू त्याच्याभोवती गुंडाळत येते. तिने पूर्ण वेढा घातला की पुरवठा तुटतो, सोंड बारीक होते, वाकडी होते आणि तुटते. याच अवस्थेत ती बारीक दिसते म्हणून लोक गाफील राहतात. ढग मात्र मरत नाही. पुढच्या बाजूला नवा भोवरा तयार करतो, मग त्यातून दुसरा टोर्नॅडो, मग तिसरा. तासन्‌तास चालणारा टोर्नॅडो हवा असेल तर ढगाची पुढे धावण्याची गती आणि आतल्या भोवऱ्याची गती जुळावी लागते, म्हणजे गार हवा त्याला गाठूच शकत नाही.

१८ मार्च १९२५ चा 'ट्राय-स्टेट' तसा होता. मिसुरी, इलिनॉय, इंडियाना, ३५२ किलोमीटर, साडेतीन तास, ६९५ मृत्यू. ताशी ९०-१०० किलोमीटरने धावत होता आणि पावसात-धुळीत सोंड दिसतच नव्हती. अनेकांना तो नुसता काळा ढग वाटला.

शंकासुर
१९२५ मध्ये रडार नव्हतं, उपग्रह नव्हता. एकच टोर्नॅडो होता की चार-पाच ओळीने झाले, हे कोणी ठरवलं?

पाऊसवेडी
शंका रास्त. संशोधकांच्या एका गटाने जुनी वर्तमानपत्रं, वाचलेल्यांच्या आठवणी, शेतांचे नकाशे पुन्हा तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष दिला की साधारण २८० किलोमीटरचा पट्टा बहुधा अखंड एकाच टोर्नॅडोचा असावा. बाकीच्या टोकांबद्दल खात्री देता येत नाही. इतका लांब पल्ला शक्य आहे याचा पुरावा मात्र डिसेंबर २०२१ मध्ये रडारसकट मिळाला. १० डिसेंबरच्या रात्री केंटकीतल्या मेफिल्ड गावावरून गेलेला टोर्नॅडो सुमारे २६६ किलोमीटर चालला, जवळजवळ तीन तास. श्रेणी ईएफ-४, ५७ मृत्यू. डिसेंबरात, अंधारात. एल रेनोचा राक्षस? ४० मिनिटं, २६ किलोमीटर.

विदर्भी_ऊन
बाप रे. म्हणजे नागपुरातून निघून थेट खामगावच्या आसपास.

सातपुडा
विषय अमेरिकेचा आहे, पण जगातला सगळ्यात जीवघेणा टोर्नॅडो अमेरिकेतला नाही हे नोंदवून ठेवतो. २६ एप्रिल १९८९, बांगलादेश, माणिकगंज जिल्ह्यातले दौलतपूर आणि साटुरिया. सुमारे १,३०० मृत्यू. पत्र्याची, बांबूची घरं, दाट वस्ती, इशारा नाही. बंगालच्या उपसागराची दमट हवा, वरून पश्चिमेचा जोरकस वारा, म्हणजे ढगोबांनी वर सांगितलेली मांडणीच. कालबैसाखीच्या, म्हणजे तिकडच्या वळवाच्या, वादळांतून ते होतात. पश्चिम बंगाल, ओडिशा याच पट्ट्यात. ३१ मार्च २०२४ ला जलपायगुडीकडे मैनागुडी भागात झालं ते अलीकडचं. आणि १७ मार्च १९७८ ला खुद्द दिल्लीत, विद्यापीठाच्या उत्तर परिसरात टोर्नॅडोने पंचवीसहून जास्त बळी घेतले होते.

खडीसाखर
दिल्लीत?! हे पहिल्यांदाच ऐकतेय. मग आपल्या महाराष्ट्रात का होत नाहीत?

सातपुडा
एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ऊन आहे, दमटपणाही कधीकधी आहे, पण वरचा जोरकस पश्चिमी वारा तेव्हा बराच उत्तरेला असतो. फिरवणारा हातच नाही. त्यामुळे वळीव, गारपीट, विजा यावर भागतं. 'निसर्ग' आणि 'तौक्ते' ही चक्रीवादळं होती, शेकडो किलोमीटर पसरलेली आणि कित्येक दिवस जगणारी. बातम्यांत दोन्हींना एकच नाव देतात आणि मग कोकणातल्या माणसाला वाटतं आपण टोर्नॅडो बघितलाय.

गच्चीवरून
एक ऐकीव माहिती: पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या उलट फिरतात. बरोबर?

ढगोबा
बहुतेक घड्याळाच्या उलट फिरतात हे बरोबर, कारण जवळजवळ चुकीचं. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम चक्रीवादळाएवढ्या गोष्टीवर जाणवतो, टोर्नॅडो त्यासाठी फार लहान. दिशा ठरते उंचीनुसार वारा कुठे वळतो त्यावर. म्हणून अपवाद सापडतात. एल रेनोच्या त्याच वादळात उलट दिशेने फिरणारा एक छोटा टोर्नॅडोही नोंदला गेला.

मावशी_टेक्सासवाली
नॉर्मनची_नवी, दोन गोष्टी लिहून ठेव गं. खिडक्या उघडून दाब सारखा करायचा असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, वारा आत घुसून छप्पर उचलतो. आणि गाडीत असशील तर पुलाखाली थांबू नकोस. १९९१ मध्ये कॅन्ससमधला एक व्हिडिओ गाजला, पुलाखाली लपून माणसं वाचली असा. त्यावर विश्वास ठेवून ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात लोक पुलांखाली गेले आणि त्यातले काही गेलेच. पुलाखाली वारा उलट जास्त जोराने घुसतो, कचरा-पत्रेही त्यासोबत.

शेल्टर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध, खिडकी नसलेल्या खोलीत. बूट घालून. हे कोणी सांगत नाही, पण नंतर काचांतून आणि खिळ्यांतून चालावं लागतं. मुलांना सायकलचं हेल्मेट. पासपोर्टची पिशवी आधीच भरून ठेव.

तांबडी_माती
एल रेनोचा विषय निघालाच आहे तर टिम समारास यांचं नाव यायला हवं. टोर्नॅडोच्या वाटेत बुटकी, शंकूसारखी यंत्रं ठेवायचे आणि निघून जायचे. २४ जून २००३ ला साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांच्या यंत्राने १०० मिलिबारची दाबघट नोंदवली. तो विक्रम आहे. ३१ मे २०१३ ला एल रेनोत ते, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग, तिघेही गेले. टोर्नॅडो एकाएकी फुगला, वळला आणि वेगही वाढवला. पावसाने वेढलेला असल्याने कड कुठे आहे ते दिसतच नव्हतं. हे काळजी घेणारे म्हणून प्रसिद्ध असलेले लोक होते. अंगणात मोबाइल घेऊन उभे राहणाऱ्यांनी वाचावं.

गच्चीवरून
वाचलं.

शंकासुर
इशारा किती आधी मिळतो पण?

पाऊसवेडी
साधारण दहा-पंधरा मिनिटं, तीही मिळाली तर. मूरला २०१३ मध्ये टोर्नॅडो जमिनीला टेकण्याआधी १६ मिनिटं इशारा होता. दहापैकी सातेक इशारे फुकट जातात, म्हणून लोक सैल पडतात. पण सुरुवात बघा. एकेकाळी अमेरिकी हवामान खातं अंदाजात 'टोर्नॅडो' हा शब्दच वापरू देत नव्हतं, लोक घाबरतील म्हणून. २० मार्च १९४८ ला ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नॅडो येऊन विमानं मोडली. तळावरच्या फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांना वरून फर्मान आलं, अंदाज देता येतो का बघा. २५ मार्चला नकाशे बघतात तर तीच स्थिती. कचरत अंदाज दिला. संध्याकाळी टोर्नॅडो पुन्हा त्याच तळावर! पहिला यशस्वी अंदाज तो.

नॉर्मनची_नवी
वाचतेय सगळं. मावशी, बूट दाराशी नेऊन ठेवले. पण तांबडी_माती, श्रेणीचं अजून थोडं अडतंय. मोकळ्या रानातल्या टोर्नॅडोला ५ कधी मिळूच शकत नाही का मग?

तांबडी_माती
मिळू शकते, वाटेत योग्य वस्तू उभी असेल तर. मूरनंतर बारा वर्षं एकालाही ५ मिळाली नव्हती. मग २० जून २०२५ ला नॉर्थ डकोटात एंडरलिनजवळ टोर्नॅडो झाला. तीन मृत्यू, परिसर शेतीचा, आणि सुरुवातीला श्रेणी ३. पण त्याच्या वाटेत मालगाडी होती. धान्याने भरलेले डबे रुळांवरून उलटले, आणि एक रिकामा टँकर डबा सुमारे १४५ मीटर लांब जाऊन पडला. डबा एवढा लांब फेकायला किती वारा लागेल याचं गणित अभियंत्यांनी मांडलं, उत्तर ताशी ३३८ किलोमीटरच्या वर आलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये श्रेणी ५ केली. मालगाडी थोडी आधी पुढे गेली असती तर तो आजही तीनच राहिला असता.

गच्चीवरून
म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायला रडार चालत नाही, पण मालगाडी चालते. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

तांबडी_माती
मालगाडी मोडतोडीत येते. रडार येत नाही. नियम तसा आहे, मी केलेला नाही. :)

विदर्भी_ऊन
शेजारच्याचं धोतर किती लांब गेलं होतं ते मोजायला पाहिजे होतं राव.